चेटकीण, दोनशे बारा ठिकाणी

वैशू,

गुरुवार, तू गेल्याचा चौदावा दिवस. रक्कम अकरा हजार सहाशे. हजर: नारायण पेठेतल्या छापखान्याचे अरविंदराव, मी आणि रेवा. तू असायला हवी होतीस, कारण पुस्तक तुझं आहे. चूक माझी आहे.

टेबलावर छापून झालेले चार फर्मे होते. एक फर्मा सोळा पानांचा, म्हणजे चौसष्ट पानं. ती रद्द करून पुन्हा छापायची तर कागद आणि मजुरी धरून एवढी रक्कम होते. अरविंदरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "एका ओळीत मंत्रकन्या, खालच्या ओळीत चेटकिणीने. या दोघी वेगळ्या, की एकच? आम्ही नुसते छापणारे, म्हणून आपलं विचारतो." मग त्यांनी पुढचं, अजून न छापलेलं एक पान माझ्यासमोर सरकवलं. पान एकशे बारा, सोळावं प्रकरण. तिथं एका वाक्याची जागा कोरी होती आणि कंसात तू लिहिलं होतंस: इथे दादाला विचारणे. "हा कंसही छापायचा का?" त्यांनी विचारलं. रेवानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, सोमवारी सांगतो.

तुझ्या शाळेत सभा झाली. तू किती वर्षं शिकवलंस, किती मुलींना वाचायला लावलंस, ते सगळं तिथं सांगून झालं. मुख्याध्यापिका बाईंनी एक आकडा चुकीचा सांगितला, तो मी दुरुस्त केला नाही. मला त्यात भर घालायची नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, तेवढं पुरं करायचंय. तू बोलू शकत नाहीस, त्यामुळे ते न्याय्य होणार नाही, हे मला कळतं.

सुरुवात रेवापासून झाली. तेरा वर्षांची असताना ती जाडजूड इंग्रजी पुस्तकं घेऊन बसायची. सगळ्यांत शाळकरी मुली, आणि त्या मुली जादू करणाऱ्या. तू एकदा तिला म्हणालीस, असं मराठीत वाच की. ती म्हणाली, "आत्या, मराठीत विच नसतात. मराठीत फक्त हडळ असते, आणि ती म्हातारी असते." तू चहाचा कप खाली ठेवलास. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत होतो, तरी मला कळलं की आता हिच्या डोक्यात काहीतरी शिरलं.

दोन वर्षं लागली तुला. तीन मुली, तिघी पंधरा वर्षांच्या. एक नारायण पेठेतली, एक येरवड्याची, एक स्वारगेटच्या डेपोत काम करणाऱ्या कंडक्टरची. तिघी स्वारगेटला भेटणार, कारण तिथं इतकी गर्दी असते की तीन मुली अचानक दिसेनाशा झाल्या तरी कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांच्याकडे विद्या एकच. कुणी त्यांना उद्देशून वाईट शब्द टाकला की तो शब्द त्या परत पाठवू शकतात. तो टाकणाऱ्याच्या तोंडात जाऊन बसतो. त्याला तो गिळता येत नाही, थुंकता येत नाही. ज्याच्यासाठी वापरला त्याच्यासमोर खरं बोललं, तरच सुटतो. मला ही कल्पना आवडली होती. मी तसं बोललो नाही, याची आज चुटपुट लागते. मी म्हणालो होतो, "मग जेवतात कसे ते लोक?"

दर रविवारी तू एक प्रकरण आणायचीस आणि मी चुका काढायचो. तुझ्या मुलींनी उडायचं कशावर, यावर आपले तीन रविवार गेले. केरसुणी म्हणजे लक्ष्मी. चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो, तिच्यावर मांड टाकून बसणार कसं? तू अडून बसली होतीस. मी म्हणालो, खराटा घे, अंगणातल्या खराट्याला कुणी लक्ष्मी म्हणत नाही. तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी आयुष्यात पहिल्यांदाच कामाचं काही बोललो होतो. पुस्तकात माझं तेवढं एक आहे, खराटा. दुसरी गोष्ट चंद्राची. त्रेचाळिसाव्या पानावर पौर्णिमा होती आणि गोष्टीतले अकरा दिवस उलटल्यावर पुन्हा पौर्णिमा. तू म्हणालीस, "जादू आहे दादा." मी म्हणालो, "जादू मुलींकडे आहे. चंद्र महापालिकेचंही ऐकत नाही." तू ती पौर्णिमा बदललीस, पण चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

आणि मग तो शब्द. चेटकीण.

मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की हा शब्द नको. माझी कारणं व्यवस्थित होती. शाळांची ग्रंथालयं घेणार नाहीत. पालक तक्रार करतील. आपल्याकडे हा शब्द चिकटवून बायकांना घराबाहेर काढलंय, त्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि तू तोच शब्द पंधरा वर्षांच्या मुलींना बिरुदासारखा लावणार. तू म्हणायचीस, त्यासाठीच तर लावायचा. शब्द त्यांनी आपल्या हातात घ्यायचा. मी पर्याय सुचवला, मंत्रकन्या. तू म्हणालीस, "छान आहे. अगरबत्तीला."

छपाईचं सगळं मी बघणार असं ठरलं होतं, म्हणून अंतिम प्रत माझ्याकडून छापखान्यात जाणार होती. जायच्या आदल्या दिवशी तू सोळावं प्रकरण पाठवलंस. तेवढंच मी आधी वाचलेलं नव्हतं. दुपारी जेवण झाल्यावर वाचायला बसलो. चौथ्या पानावर एक अकरा वर्षांचा मुलगा आला. त्यानं गोठ्याच्या फाटकाची कडी लावली नाही. मी तिथं थांबलो. पुढं वाचलं नाही. उठलो, पाणी प्यालो, परत आलो, आणि सगळ्या पुस्तकात 'चेटकीण' शोधून तिथं 'मंत्रकन्या' घालायला संगणकाला सांगितलं. अठ्ठावन्न ठिकाणी बदललं, असं त्यानं दाखवलं. मला आकडा कमी वाटला. मी तपासला नाही. माझ्या नोकरीच्या सत्तावीस वर्षांत आकडा कमी वाटला आणि मी तपासला नाही, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

तू शाळेत मुलांना जे शिकवायचीस तेच मी विसरलो. चेटकीण एकटी असते तेव्हा तिची 'की' दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व होते. चेटकिणीला, चेटकिणीचा, चेटकिणीवर. संगणकाला दीर्घ तेवढी सापडली. शब्द एकूण दोनशे बारा ठिकाणी होता. अठ्ठावन्न गेले, एकशे चोपन्न राहिले. एके ठिकाणी 'चेटकीणपणा' होता, त्याचा 'मंत्रकन्यापणा' झाला.

तू छापखान्यातून ते फर्मे उचलून थेट आमच्याकडे आलीस. तुझ्या वहिनीनं चहा ठेवला होता, तो तू घेतला नाहीस. मी वाट बघत होतो की तू आवाज चढवशील. तू चढवला नाहीस.

"जिथं ती स्वतःच्या पायावर उभी आहे, तिथं तिला पुसलंस," तू म्हणालीस. "तिला, तिच्यावर, तिच्याविरुद्ध, तेवढं मात्र शिल्लक ठेवलंस."

मी म्हणालो, "हे तंतोतंत बरोबर नाही. 'चेटकिणीने' अशी रूपंही राहिली असणार. तिथं ती काहीतरी करतेच आहे."

माणसं एकमेकांना शेवटचं काय काय सांगून जातात. मी तुला तृतीया विभक्ती सांगितली.

"दादा, का बदललंस?"

मी कायदा, पालक आणि ग्रंथालयं याच क्रमानं सांगायला लागलो. तू हात वर केलास, वर्गात करत असशील तसा. "हे मी सहा महिने ऐकलं. खरं सांग."

"विचार करून सांगतो."

"कर विचार," तू म्हणालीस. "तुला वेळ लागतो, माहीत आहे मला."

नंतर तू अकरा दिवस होतीस. त्यात मी तुला दोनदा फोन केला. एकदा मुखपृष्ठाच्या कागदाच्या जाडीबद्दल, एकदा तुझ्या विजेच्या बिलाबद्दल. बाराव्या दिवशी दुपारी शाळेतून फोन आला.

आता तो विचार. मी तो तेव्हाच करू शकलो असतो, अडतीस वर्षं झाला नव्हता तरी.

तू सात वर्षांची होतीस. आपलं गाव तेव्हा पुण्यात नव्हतं. गोठा होता तिथं आता पार्किंग आहे. आपण दोघंही घरी 'हाय' आणि 'न्हाय' म्हणायचो, आणि पुढं शाळेत मुलं हसली म्हणून सोडून दिलं. कॅनॉलच्या बाजूला सोनाबाई एकटी राहायची. झाडपाल्याची औषधं द्यायची. तुझ्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या होत्या, म्हणून तू सारखी तिच्या ओट्यावर असायचीस. त्या दिवशी म्हशीला पाणी दाखवून मी फाटकाची कडी लावायला विसरलो आणि खेळायला गेलो. परत आलो तर म्हैस कोवळ्या ज्वारीत उभी होती. तसली ज्वारी जनावराला बाधते हे मला ऐकून माहीत होतं. मी तिला हाकत आणली, बांधली, कडी लावली आणि गप्प बसलो. संध्याकाळपर्यंत ती फुगली, तोंडाला फेस आला, आणि मेली. ती ज्वारीत गेली होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे धडधाकट म्हैस अशी कशी गेली, हे कुणाला उमगेना.

माणसं जमली. कुणीतरी मला विचारलं, "कोण आलतं रं गोठ्याकडं?"

मी म्हणालो, "सोनाबाई आलती." कुणी काही बोललं नाही, म्हणून मीच पुढं म्हणालो, "चेटकीण हाय ती."

दीर्घ की. प्रथमा, एकवचन. त्याआधी तिला तसं कुणी म्हणत होतं का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं. मला आठवत नाही. पहिलाच मी असण्याची शक्यता आहे. तिला कुणी मारलं नाही, एवढं मी स्वतःशी नेहमी धरून होतो. तिच्या चुलीसमोर कुणी बसेना, तिला पीठ दळून देईनात, एका सकाळी तिची भांडी रस्त्यावर होती. महिन्याभरात ती गेली. कुणी म्हणालं सोलापूरकडं. मी कधी शोध घेतला नाही. बारीकसारीक चौकशा करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, आणि ही एक चौकशी मी केली नाही. तू विचारत राहिलीस सोनाबाई कुठंय म्हणून, आणि आईनं तुझे केस कापून टाकले.

छापखान्यातून गुरुवारी परतताना आम्ही स्वारगेटला बसची वाट बघत होतो. तुझ्या मुली दिसेनाशा होतात तीच जागा. रेवानं विचारलं, "बाबा, आत्याला तुला काय विचारायचं होतं?" मी तिला सगळं सांगितलं. बसगाड्या येत होत्या, कंडक्टर ओरडत होते, त्या आवाजात सांगणं सोपं गेलं.

"आत्याला माहीत होतं?"

"असणार. तिनं लिहिलंय."

"आणि तू तिचा वर्ड डिलीट केलास."

"बदलला."

"बाबा, प्लीज."

बस आली. ती पुढं बायकांच्या जागेवर जाऊन बसली. माझ्या शेजारी जागा होती.

शुक्रवारी आणि शनिवारी मी ते अठ्ठावन्न शब्द परत बदलले. रेवा दारात उभी राहून म्हणाली, रिप्लेस ऑल कर ना, दोन सेकंदांत होईल. मी नको म्हणालो. एकेक वाक्य वाचून, एकेक शब्द हातानं घातला. मग बाकीचे एकशे चोपन्नही वाचले. 'चेटकिणीने' एकतीस वेळा आहे. म्हणजे माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. शनिवारी दुपारी मी सोळाव्या प्रकरणात, थांबलो होतो तिथून पुढं गेलो. फाटकाच्या खाली सात ओळींवर तुझं वाक्य आहे: "ओट्यावर मुलीचे केस विंचरता विंचरता चेटकिणीने सगळे पाहिले, आणि कुणाचेही नाव घेतले नाही."

वैशू, तू होतीस त्या अकरा दिवसांत मी हे वाचायला हवं होतं.

सोनाबाईच्या ओट्यावरून आपलं फाटक दिसायचं. समोर काही आडवं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवल्या नाहीत. तू तिथं बसली होतीस. ती तुझ्या मागं बसली होती. दोघींनी मला म्हैस हाकताना पाहिलं. माणसं तिच्या दारात गेली तेव्हा तिच्याकडे उत्तर होतं, आणि ते उत्तर म्हणजे मी होतो. तुझ्या पुस्तकात ती लहान मुलगी तिला विचारते, सांगितलं का नाहीस? ती म्हणते, "पोर हाय." एवढंच. हे तू रचलंस, की ती खरंच तुला असं म्हणाली होती, हे आता मला कधीच कळणार नाही. आणि सात वर्षांची तू का बोलली नाहीस? मी रागावेन म्हणून, की मी दादा म्हणून? अडतीस भाऊबिजांना तू मला ओवाळलंस आणि एकदाही विचारलं नाहीस. मला तुझा राग येतो. एवढी वाट बघायची नव्हती. एका रविवारी, पौर्णिमा तपासता तपासता, विचारून टाकायचं होतंस. मग वाटतं, विचारलंच होतंस. सोळावं प्रकरण म्हणजे दुसरं काय होतं? तो कंसही तूच घातला होतास. मी तिथवर वाचलंच नाही, आणि पुस्तकात त्या मुलाच्या तोंडात तो शब्द बसलेलाच राहिला.

रविवारी रेवा माझ्या टेबलाशी आली. गुरुवारपासून ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला, पान एकशे बारा उघडलं आणि म्हणाली, "आत्यानं तुला विचारायला सांगितलंय. मी विचारते. तो मुलगा काय म्हणतो?"

तुझ्या पुस्तकाला पुन्हा हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण ही जागा तू माझ्यासाठी ठेवली होतीस. मी सांगितलं. तिनं टाइप केलं: फाटक मीच उघडं टाकलं होतं.

"बस? सॉरी नाही म्हणत तो?"

"म्हणून उपयोग काय? ती गावात नाही."

"तरी."

मी विचार केला. खरंच केला, या वेळी वेळ लावला नाही. "त्याला अजून एवढंच येतं," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि कंस खोडला. मग प्रमाणभाषेसाठी 'उघडे टाकले' करायचं का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो नको, तो मुलगा असाच बोलला असता. खरं तर तो 'व्हतं' म्हणाला असता. तिनं तेवढं बदललं. हा निर्णय आमचा आहे, तुला पटला नाही तर दोष माझ्याकडे.

सोनाबाईचं आडनाव मला माहीत नाही. आपल्या मामाला विचारलं, त्यालाही नाही. सोलापूरकडच्या कुठल्या गावची, हे विचारायला एक म्हातारे गृहस्थ उरलेत, त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात जाणार आहे. ती असेल तर नव्वदीची असेल. बहुधा नसेल. तरी जाणार आहे.

काल सोमवार होता. छापखान्यात अरविंदराव, मी आणि रेवा. शब्द दोनशे बारा ठिकाणी तुझाच आहे, मी दोनदा मोजला. चार फर्मे नव्यानं छापायचे आणि पुढचे आठ चालू करायचे असं सांगितलं. रविवारी रात्री पाठवलेल्या मजकुरावरून त्यांनी नमुना म्हणून एक प्रत घरच्या प्रिंटरवर काढून शिवून ठेवली होती, मुखपृष्ठासकट. ती मी मागितली. रेवा मध्ये पडली. विक्री आत्यानं तिच्याकडे सोपवली होती, आणि बाबाला फुकट प्रत द्यायची नाही, तो हक्कानं मागेल, असं आत्या बजावून गेली होती. मी विचारलं, चुका काढणाऱ्याला सवलत किती? ती म्हणाली, "चुका कुणाच्या?"

अकरा हजार सहाशे अरविंदरावांना दिले, चेकनं. दोनशे चाळीस रेवाला, रोख, पूर्ण किंमत. मी पावती मागितली. तिनं तुझ्या वहीतलं एक पान फाडलं, रक्कम आकड्यात आणि अक्षरी लिहिली, 'मिळाले' असं लिहून खाली सही केली. स्वतःचं नाव नाही घातलं. चेटकीण, अशी सही केली. मी चष्मा लावून पाहिलं. की दीर्घ आहे.